खाजणात धुतलेली वाळू

ओशिक्पो
२ जून १९९६

प्रिय दादा,

तुझं घर बघितलं. तू चार गोष्टी विचारल्या होत्यास, त्यांची उत्तरं आधी देते. रंग तू पाठवलेल्या नमुन्यासारखाच पिवळा आहे. फाटकावर लोखंडी अक्षरांत तुझं नाव आहे. गच्चीवरून समुद्र दिसतो, होड्या दिसतात, आणि मागे वळलं की खाजण दिसतं. आईला आवडलं का, हा चौथा प्रश्न. आई सकाळी उठून आधी पायऱ्या पुसते आणि मग तोंड धुते. त्यावरून काय ते समज.

काल अक्राहून येताना गाडीच्या पोराने मला मागच्या बाकावरून उठवलं. म्हणाला, “लंडनवाल्याची बहीण ना तू? मग पुढे बस. लंडनवाल्यांच्या बहिणी मागे बसत नाहीत.” आख्खी गाडी हसली. घराला आता सगळे लंडनवाल्याचं घरच म्हणतात.

अयिक्वेई काका फाटकातच उभे होते. इतकी वर्षं तू पैसे पाठवत गेलास तसतसं ते बांधत गेले, एकेक खांब. बाबा असते तर त्यांनीही इतकं मन लावलं नसतं, हे मी मान्य करते. त्यांनी मला खोल्या दाखवल्या, नळ सोडून दाखवले, दिवे लावून दाखवले.

आता पुढचं नीट वाच.

दिवाणखान्याच्या मधोमध जी मोठी तुळई आहे, जिच्यावर गच्चीचा सगळा भार आहे, तिच्या पोटाला लांबच लांब भेग आहे. भेगेतून तपकिरी ओघळ आले आहेत. एका टोकाला पोपडा सुटला आहे. छताजवळ भिंतीला लोणा लागला आहे. जमिनीची ओल भिंतीत चढते, पण छतापर्यंत पोचत नाही. मी बोटाने पुसून चव घेतली. मीठ आहे, आणि ते काँक्रीटच्या आतून आलं आहे. मीठ असलं की आतली सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की काँक्रीट फोडते. शेवटी भार पेलायला सळई उरत नाही. हे कधी होईल ते मला सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही.

काकांना विचारलं, वाळू कुठली? ते म्हणाले, “वाळू धुतलेली आहे. तू रांगत होतीस तेव्हापासून मी घरं बांधतोय.” मी म्हटलं, कुठे धुतली? ते म्हणाले, “पाण्यात. आणखी कशात धुतात?”

होमोवोच्या सणाच्या जेवणाला यंदा सगळं घराणं तुझ्या घरी येणार आहे. काकांनी ढोलवालेही सांगून ठेवलेत, जेवणानंतर गच्चीवर नाच. म्हणून घाई करते आहे. पोपड्याचे दोन तुकडे प्रयोगशाळेत नेते. निकाल येईपर्यंत तू काकांना एवढंच कळव की यंदा जेवण आणि नाच खाली अंगणात. आईलाही तोपर्यंत मागच्या खोलीत झोपू दे. माझं ती ऐकत नाही.

अजेली

*

लंडन
१७ जून १९९६

प्रिय इंजिनीअरबाई,

तुझं पत्र कामावर जाताना बसमध्ये वाचलं आणि उतरायचा थांबा चुकलो. पहिल्या पानावर हसत होतो. शेजारची गोरी म्हातारी म्हणाली, चांगली बातमी दिसतेय. मी म्हटलं, माझ्या आईला घर आवडलं. मग पान उलटलं.

अगं, नव्या घराला भेग पडतेच. नव्या बुटालाही पडते. तू रोज लोकांची काँक्रीटं ठोकून बघतेस, तुला सगळीकडे रोगच दिसणार. आईच्या घरात शिरताना चपलेबरोबर डॉक्टरकीही बाहेर काढून ठेवायची होतीस. आणि भिंत चाटलीस? लोकांसमोर?

वाळूचं मला ठाऊक आहे. काकांनी त्याच वेळी लिहिलं होतं: “दुसरे कंत्राटदार किनाऱ्यावरची वाळू उचलून तशीच घालतात. तुझी मी बाया लावून धुवून घेतली, लेकरू धुवावं तशी.” त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते पोटचा बाप करत नाही. आता मी इथून लिहू की तुमच्या तुळईवर भरवसा नाही, आमच्या धाकटीने चाखून बघितलीय?

जेवण गच्चीवरच होईल, अजे. लोमेहून आत्या येणार आहे. पलीकडच्या वाड्यातली ती सगळी मंडळी येतील, जी बाबांच्या मयताला आपल्याला मागच्या रांगेत बसवून मोकळी झाली होती. त्यांना तो जिना चढायला लावायचाय मला. मला यंदा सुट्टी नाही, मी नसेन, पण चढतील ना ते.

एक विचारू? रागावू नकोस. घर बांधताना तुला कुणी विचारलं नाही, त्याचं तर हे नाही ना? तू तेव्हा शिकत होतीस. आता शिकलीस म्हणून झालेलं मोडून पुन्हा तुला विचारून बांधायचं का?

आईला माझा नमस्कार. तिला मागच्या खोलीत झोपवू नकोस. पुढची खोली तिची आहे.

तुझा दादा,
लांतेई

*

अक्रा
७ जुलै १९९६

प्रिय दादा,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. मला विचारलं असतं तरी मी तेव्हा चूकच सांगितलं असतं, कारण मला काही येत नव्हतं.

निकाल आला. तुकड्याची पूड करून पाण्यात उकळायची, गाळायची आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. मीठ असेल तर पाणी दुधाळ होतं. आमच्याकडे समुद्राची न धुतलेली वाळू घातलेले नमुने येतात, ते दुधाळ होतात. तुझ्या तुळईचं दही झालं. माझ्या वरिष्ठांनी विचारलं, हे काँक्रीट आहे की खारवलेला मासा? मी म्हटलं, माझ्या भावाचं घर आहे. मग ते हसले नाहीत.

न धुतलेल्या वाळूपेक्षा धुतलेल्या वाळूत मीठ जास्त कसं, हे मला कळेना. म्हणून मागच्या रविवारी काकांना घेऊन निघाले. म्हटलं, वाळू जिथे धुतली ती जागा दाखवा. ते खुशीत होते, नवी टोपी घातली होती. मला वाटलं होतं विहिरीकडे नेतील, किंवा वरच्या ओढ्याकडे. त्यांनी मला खाजणाच्या काठावर नेलं.

“इथे,” म्हणाले. “भर उन्हाळ्यात. तेव्हाच काठ वाळतो, लॉरी पार आतपर्यंत येते. खाजणमायच्या पुजाऱ्याला श्नॅप्स दारूची बाटली देऊन रीतसर परवानगी घेतली होती. फुकट नाही धुतली.”

काठावर बाया उन्हाळ्यात ओढलेलं मीठ पोत्यांत भरत होत्या. ढीग पडले होते. मी ढिगाकडे बोट केलं आणि म्हटलं, “काका, हे काय आहे?”

“मीठ.”

“कुठून येतं?”

“खाजणातून. तुला ठाऊक नाही?”

“मग याच पाण्यात वाळू धुतली तर तिला काय लागेल?”

त्यांनी माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. “हे बघ अजेली, समुद्राचं मीठ वेगळं आणि खाजणमायचं मीठ वेगळं. समुद्राचं मीठ खातं. होडीचे खिळे खातं, पत्रे खातं. म्हणून तर धुवायचं. मायचं मीठ राखतं. तुझी आई त्यात मासा मुरवते, तो वर्षभर टिकतो की नाही? सडतो का? मग घर का सडेल?” मीठ भरणारी एक बाई हसून म्हणाली, “काय रे अयिक्वेई, पुतणीला शाळेत हे नाही शिकवलं?”

दादा, ते खोटं बोलत नाहीत. त्यांनी हात राखून काही केलं नाही. त्यांच्या माहितीतली सगळ्यात पवित्र गोष्ट त्यांनी तुझ्या घरात घातली. खाजणाचं पाणी उन्हाळ्यात आटून समुद्राहून खारट होतं. त्या पाण्यात धुवून त्यांनी वाळूतलं मीठ वाढवलं.

मी तुळईखाली टेकू लावायला सुतार नेला होता. काकांनी त्याला फाटकातून परत पाठवलं. म्हणाले, दिवाणखान्यात लाकडं उभी करून लोकांना काय दाखवू? पुढच्या सोमवारपासून सणापर्यंत ढोलबंदी आहे. मग ढोल नाही, टाळी नाही, हातोडाही नाही. काका म्हणतात, बंदी उठली की बघू. बंदी उठते त्याच दिवशी ढोल गच्चीवर चढणार आहेत, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “मग तूही नाच.”

आई म्हणते, “मला या घरातून आता खांद्यावरच काढा.” ती रागाने नाही म्हणाली. आरामात, पाय पसरून म्हणाली.

घर तुझं आहे. गावात मालकाचा शब्द चालतो. काकांच्या नावाने एकच ओळ लिही: गच्चीवर कुणी चढायचं नाही. कारण लिहू नकोस, म्हणजे त्यांचा मान राहील. पत्राला दोन आठवडे लागतात. आजच लिही.

अजेली

*

लंडन
२० जुलै १९९६

अजेली,

ओळ लिहिली आहे. काकांना लिहिलं: ठरल्याप्रमाणे होऊ द्या. तुझ्या आधी त्यांचं पत्र आलं होतं. त्यात तू सुतार घेऊन आलीस ते होतं, खाजणावर बायांसमोर त्यांची उलटतपासणी घेतलीस ते होतं. ते रागावलेले नाहीत. म्हणतात, पोर हुशार आहे, जरा कोरडी आहे. तिचं लग्न लवकर बघा.

तुला एक सांगतो, ते घरी कुणाला सांगू नकोस. मी हॉस्पिटलात आहे असं सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे मी काय करतो ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तळघरात कपडे धुतो. चादरी, रक्ताच्या, सगळ्याच. वर काम करणाऱ्यांना माझं नाव माहीत नाही, ते नुसतं “लॉन्ड्री” म्हणून हाक मारतात. “लॉन्ड्री, गाडा घेऊन जा.” ज्या रात्री फाटकावर नाव बसवल्याचा फोटो आला, त्या रात्री तो मी मशीनवर चिकटवला. एवढ्या मोठ्या अक्षरांत माझं नाव जगात आणखी कुठेही नाही.

आणि तू म्हणतेस त्याचं दही झालं.

समजा, तुझं खरं असेल. उद्या पडेल का? तूच लिहितेस, सांगता येत नाही. ज्याची तारीख सांगता येत नाही त्याची भीती मी किती बाळगू? आपण सगळेच कधीतरी पडणार आहोत.

सण होऊ दे. मग हवं तर टेकू लाव.

लांतेई

*

अक्रा
२२ ऑगस्ट १९९६

दादा,

काकांचं पत्र तुला आधी मिळेल. तरी माझ्याकडून घडलेलं लिहिते.

सणाच्या आदल्या गुरुवारी मी ओशिक्पोला गेले. गाव गप्प होतं. कोंबडीलासुद्धा बायका दबक्या आवाजात हाकलत होत्या. मी भर दुपारी तुझ्या फाटकासमोर उभी राहिले, लोखंडी पाइपाचा एक तुकडा दगडावर ठेवला आणि हातोड्याने ठोकायला लागले. लोक येईपर्यंत ठोकत राहिले.

पुजारी आले, त्यांच्यामागे दोन पंच. त्यातल्या एकाने विचारलं, “पोरी, हे काय आहे?”

“हातोडा.”

“ते दिसतंय. ठोकतेस कशाला?”

“आवाज व्हावा म्हणून.”

“ढोलबंदी ठाऊक नाही तुला? आपल्याच गावची ना तू?”

“ठाऊक आहे.”

“डोक्यावर परिणाम झालाय,” दुसरे म्हणाले. “शिकल्या की होतो. माझ्या साडूची मुलगी अशीच.”

पुजाऱ्यांनी पाइपाकडे बघितलं, मग वर गच्चीकडे, मग माझ्याकडे. त्यांना कळलं असावं. ढोलबंदी ज्या घराच्या दारात मोडते त्या घराला झावळ्या बांधतात, आणि सणानंतर शुद्धी होईपर्यंत कुणी त्याचा उंबरा ओलांडत नाही. हे काकांना बदलता येत नाही, आईला येत नाही, आणि लंडनहून एका ओळीत तुलाही येत नाही. दंडाचं मेंढरू आणि श्नॅप्स मी दिलं.

आई गाठोडं घेऊन बाहेर आली. मी हात पुढे केला, तिने गाठोडं दिलं नाही. एवढंच म्हणाली, “तुला ते घर नको होतं ना? घे. आता मलाही नाही.” तेव्हापासून बोललेली नाही.

जेवण काकांच्या जुन्या अंगणात झालं. सणाचं क्पोक्पोई सगळ्यांना पुरलं नाही. आत्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “लोमेहून मी याच भिंती बघायला आले होते का?” पलीकडच्या वाड्यातली मंडळी फार प्रेमाने वागली. माझ्या ताटात कुणी मासा वाढला नाही.

बंदी उठली. ढोल तुझ्या घरावरून गेले. गल्ली हादरली. मी समोर उभी राहून बघत होते.

घर उभं आहे. साधा पोपडाही पडला नाही. गाव म्हणतं मी खोटी ठरले. दिसायला तसंच आहे.

अजेली

*

लंडन
१० सप्टेंबर १९९६

अजेली,

काकांनी लिहिलं, लोक आता त्याला “हातोडीचं घर” म्हणतात.

शुद्धी करून घेतो आहे. सगळा खर्च माझा. झावळ्या निघाल्या की आई पुढच्या खोलीत राहायला जाईल. डिसेंबरात मी येतो आहे, वीस तारखेच्या विमानाने. त्या संध्याकाळी गच्चीवर ढोल वाजतील आणि आईबरोबर मी स्वतः नाचेन. तुला बोलावणं आहे. तू आलीस तर खाली उभी राहा आणि बघ.

तोपर्यंत मला लिहू नकोस.

लांतेई

*

अक्रा
२० डिसेंबर १९९६

दादा,

तू लिहू नकोस म्हणालास, म्हणून हे टपालात टाकलेलं नाही. विमानतळावर तुझ्या हातात देते आहे. ओशिक्पोच्या गाडीत बसण्याआधी वाच. आई माझ्याबरोबर आहे. तुला घ्यायला चल म्हटल्यावर ती आली. गाडीत माझ्याशी बोलली नाही, पण तुझ्यासाठी केंके आणि तळलेला मासा मांडीवर धरून बसली होती. या पत्रातलं तिला मी काही सांगितलेलं नाही.

नोव्हेंबरात झावळ्या निघाल्या. आई राहायला गेली. काकाही तिथेच झोपतात, दिवाणखान्यात तुळईखाली. लोकांचा संशय फिटावा म्हणून.

काल मी गेले होते. दिवाणखान्यातून मागच्या खोलीत जायचं जे दार आहे, तुळईच्या टोकाच्या बरोबर खालचं, ते लागत नव्हतं. काका रंधा घेऊन दाराची वरची कड तासत होते. म्हणाले, “लाकूड फुगलंय.” तासून दार लावलं, लागलं. आज सकाळी आईला आणायला गेले तर ते पुन्हा अडकलं होतं. काका पुन्हा रंधा शोधत होते.

दादा, आठवड्यापासून हरमटानचं कोरडं वारं सुरू आहे. वाळवंटाकडून धूळ येते आहे. आईचे ओठ फुटलेत. गावातली झाडून सगळी दारं वाळून, आकसून खडखडतायत. लोक फटीत चिंध्या कोंबतायत. या दिवसांत ओशिक्पोत एकही दार फुगत नाही.

दार मोठं झालेलं नाही. चौकट लहान होते आहे. वरून.

काका आत्ता गच्चीवर खुर्च्या मांडत असतील. ढोलवाले संध्याकाळी येतील. मी काकांना खाली बोलावलं तर ते हसतील. आईला थांबवलं तर ती मला ढकलून वर जाईल. मला आता त्या गावात कुणाला काही सांगता येत नाही. माझ्याकडे होतं ते सगळं मी ऑगस्टात वापरून टाकलं.

तू मला मानू नकोस. गेल्यावर आधी त्या दाराला हात लाव. नंतर ढोल वर सोड.

अजेली

*

ओशिक्पो
२६ जानेवारी १९९७

प्रिय दादा,

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. आईने ते काकांच्या जुन्या अंगणातल्या खोलीत आरशाला लावलं आहे. ती आता बोलते. काल म्हणाली, तू वाळलीस. एवढंच, पण माझ्याकडे बघून म्हणाली.

त्या संध्याकाळचं आपण नंतर बोललोच नाही. तू दाराला हात लावलास, मग खांदा लावलास. मग अंगणात आलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, “वर धूळ फार आहे. पानं गल्लीत मांडा. काका, तुम्ही खाली या, तुमच्याशिवाय मी पहिला घास घेणार नाही.” ते आले. त्यांना खाली यावं लागलं, पण त्यांचा मान गेला नाही. मला ते जमलं नसतं. मी हातोडा घेतला असता.

तू निघण्याआधी घर रिकामं करवून घेतलंस, ते बरं केलंस. गेल्या सोमवारी, बाजार भरलेला असताना, तुळई खाली आली. तिच्यामागून गच्ची आली. आत कुणी नव्हतं. मोठा आवाज झाला नाही. शेजारच्या बाया म्हणतात, होडी रेतीवर ओढतात तसा झाला. फाटक उभं आहे. नाव उभं आहे. ते काढून ठेवू का, ते कळव.

मी गुरुवारी आले. काका ढिगाऱ्यावर बसले होते. त्यांनी एक सळई ओढून काढली आणि काटकीसारखी मोडली. मग दुसरी मोडली. बराच वेळ ते तेच करत होते. मग म्हणाले, “माय राखते ना गं?”

मी म्हटलं, “मासा राखते.”

ते टोपी झटकून उठले आणि म्हणाले, “त्या उन्हाळ्यात वाळूचा ढीग मोठा होता. लांतेईच्या घराला लागली तेवढी वापरूनही बरीच उरली होती.”

“मग काय केलंत तिचं?”

“चांगली वाळू. धुतलेली. टाकून कशी देऊ? ज्याला हवी त्याला दिली.”

“कुणाकुणाला?”

ते चालायला लागले. मी मागे गेले. ते घराघरांत शिरत होते, कुणाला काही न विचारता आतली दारं ढकलत होते, ओढत होते. लोक आधी हसले. “काय अयिक्वेई, घर पडलं म्हणून दारं विकायला काढलीस का?” एकीने खरंच भाव विचारला. बहुतेक दारं सैल होती, खडखडली. तिसऱ्या गल्लीतल्या जाळेवाल्याच्या घरात मागचं दार ओढल्यावर ते हललं नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी तुळईकडे बघितलं. तपकिरी ओघळ होते. जाळेवाल्याला काका म्हणाले, “बायकोपोरांना घेऊन बाहेर ये. का ते नंतर सांगतो, आधी ये.” तो आला. माझ्या शब्दावर आला नसता.

दुपारी आम्ही शाळेत पोचलो. शाळेचा वरचा मजला वाळू धुतली त्याच वर्षी चढवला होता, हे मला माहीत नव्हतं. काकांना ते वाटेतच आठवलं असावं, कारण शेवटची गल्ली ते धावले. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. वरच्या वर्गात मुलं पाढे म्हणत होती.

मुख्याध्यापिका व्हरांड्यात होत्या. काकांना बघून त्यांचा चेहरा खुलला. म्हणाल्या, “बरं झालं आलात, मी माणूस पाठवणारच होते. आमच्या या खालच्या दाराला जरा रंधा मारून द्या. सुतार दोनदा तासून गेला, पुन्हा अडकतंय.”

काका जिन्याकडे गेले. पहिल्या पायरीवर थांबून त्यांनी मला विचारलं, “कसं आणू?”

मी सांगितलं, “दोघं दोघं. भिंतीच्या बाजूने. पळू देऊ नका.”

सगळी मुलं खाली आली. सगळ्यात शेवटी काका आले. शाळा अजून उभी आहे. तिच्याकडे पाठ करून मुलांनी मैदानात उरलेले पाढे म्हटले.

पलीकडच्या दोन गल्ल्या बाकी आहेत. उद्या पहाटेच निघायचं असं काका म्हणतात. रात्रभर ते नावं आठवत असतात, आणि रोज एखादं वाढतं.

अजेली